पहिल्या पानावरचा बोकड

मोबाइलवर काही शोधलं की कुणाचं नाव वर येणार आणि कुणाचं तळाला जाणार, हे कोण ठरवतं? आमच्या गावात हा प्रश्न कुणालाही विचारा. सोसायटीचा चेअरमन असो नाहीतर पारावर तंबाखू मळत बसलेला म्हातारा, उत्तर तयार असतं. प्रत्येकाचं वेगळं असतं आणि प्रत्येकाला ते आतल्या गोटातून कळलेलं असतं. ही उत्तरं ऐकून ऐकून माझं डोकं असं फिरलंय की आता कुणी सर्च चालवणाऱ्या ‘कंपनीचं राजकारण’ एवढा शब्द काढला तरी मी हातातलं काम टाकून उठते. माय म्हणते, तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेलाच असतो. असतो. तो तिथं कुणी आणून बसवला ते सांगते.

आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. घरात पिढ्यान्पिढ्या शेळ्या. थोडं कोरडवाहू रान आहे, पण आमची ओळख शेळ्यांची, त्यातही बोकडांची. माझे वडील, ज्यांना मी आप्पा म्हणते, पैदाशीचे बोकड वाढवतात. काळेभोर, उंच, लांब लोंबत्या कानांचे, उस्मानाबादी. आप्पांच्या बोकडाची करडं दमदार निघतात असा लौकिक आहे. पूर्वी धर्मापुरीपासून दिंद्रुडपर्यंतचे लोक बाजारात एकमेकांना विचारत विचारत आमच्या दारात यायचे. आता विचारणारे माणसाला विचारत नाहीत, मोबाइलला विचारतात. म्हणून केजच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर आप्पांच्या बोकडांची वेबसाइट बनवली.

आप्पांना आधी ते पटलं नव्हतं. लाडाने ते मलाही मायच म्हणतात; म्हणाले, “शेळीला बोकडाचा वास यावा लागतो माय. फोटू बघून ती फळती का?” पण फोटो काढायच्या दिवशी सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून तयार. कळपातला सगळ्यात देखणा बोकड त्यांनी स्वतः निवडला, त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसलं, आणि हातात काठी घेऊन त्याच्या शेजारी असे उभे राहिले की मला हसू आवरेना. फोटो मात्र झकास आला. बोकडाचे दोन्ही कान समोर लोंबलेले, आणि दोन्ही कानांवरच्या आमच्या खुणा स्पष्ट.

या खुणांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अडलं. आमच्याकडे करडू थोडं मोठं झालं की त्याच्या कानाला घराची खूण करतात. आमची खूण म्हणजे डाव्या कानाच्या शेंड्याला एक खाच आणि उजव्या कानाला खालून चीर. प्रत्येक घराची वेगळी, आणि गावातल्या शेंबड्या पोराला सगळ्या घरांच्या ठाऊक. चरताना कळपात कळप मिसळतात, जनावर चुकतं, दुसऱ्याकडे जातं. मग ज्याचं जनावर तो जाऊन म्हणतो, “माजं जनावर चुकून तुमच्यात आलंय.” समोरचा म्हणतो, “कान बघा अन् न्या.” बस. कधी आलं, काय खाल्लं, कुणी कुणाला विचारत नाही. चोर हा शब्द तोंडातून निघत नाही. पण त्याच रिवाजाची दुसरी बाजू अशी, की दुसऱ्याची खूण मिटवायला कुणी जनावराच्या कानावर नव्याने कातर चालवली, तर ते चुकणं राहत नाही. मग जनावर मारुतीच्या पारावर बांधायचं, ज्याचं आहे त्याने शेजारी बसायचं, आणि कातर चालवणारा समोर येऊन बोलेपर्यंत उठायचं नाही. असं बसलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी आमच्या दारात एक पिकअप थांबली. लातूरकडचा माणूस होता, बोकड न्यायला आलेला. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “ताई, हा फार्म कुठं आला?” स्क्रीनवर आमचा बोकड. शेजारी आमचे आप्पा, तोच फेटा, तीच काठी. वर नाव मात्र भलत्याच फार्मचं. आणि फोटोखाली ओळ: ‘आमच्या फार्मवरील अनुभवी गडी’.

आप्पा माझ्या मागेच उभे होते. त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि खूश होऊन म्हणाला, “हेच की ते बाबा! काय बाबा, आज सुट्टी काय? मालक हायत का तुमचे फार्मवर?”

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी काठी उचलली आणि त्याला रस्ता दाखवला. “असंच सरळ जावा. पत्र्याचे शेड दिसतेल. तितंच.” पिकअप निघून गेली. आप्पा आत जाऊन पाणी प्यायले आणि शेळ्या सोडायला गेले. जन्मभर स्वतःचा कळप राखलेल्या माणसाला कुणीतरी गडी म्हणून जगापुढे उभं केलं होतं, आणि तो त्याच गिऱ्हाईकाला तिकडची वाट दाखवत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फार्म कुणाचा, हे शोधायची गरज नव्हती. गावातला सगळ्यात मोठा जमीनदार, जिल्ह्याच्या राजकारणात ऊठबस असलेला, ज्याला सगळं गाव मालक म्हणतं, त्याच्या पुतण्याचा. पुतण्याने नुकतेच पत्र्याचे शेड ठोकले होते आणि कुठून कुठून शेळ्या आणून भरल्या होत्या. आमचा फोटो त्याने आमच्याच वेबसाइटवरून उचलला होता. मोबाइलवर ‘पैदाशीचा बोकड’ आणि जिल्ह्याचं नाव टाकलं की पहिल्या पानावर पहिला तो. आम्ही दुसऱ्या पानावर, आणि दुसरं पान कोण उघडतं?

मी पुतण्याकडे गेले. तो खुर्चीतून उठलाही नाही. “ताई, नेटवर आलं की ते सगळ्यांचं असतंय,” तो म्हणाला. “अन् वर-खाली आमी करतो का? ती कंपनी करती. आमच्या हातात काय हाय?” मी म्हटलं, फोटो तर तुमच्या हातात आहे. गडी हा शब्द तर तुम्ही लिहिलाय. तो हसला आणि म्हणाला, चहा घ्या. मी चहा न घेता आले. कंपनीकडेही तक्रार करून पाहिली. आधी त्या वेबसाइटवाल्यालाच विचारा, असं उत्तर आलं.

मग गावभर चर्चा सुरू झाली. आणि इथूनच माझा खरा राग सुरू होतो. कारण चर्चा फोटोची झालीच नाही. चर्चा झाली ती कंपनीची.

सगळ्यात पुढे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानवाला. स्क्रू पिळता पिळता त्याने मला सर्चचं गुपित सांगितलं. “हैदराबादला तेंचं हापिस हाय. तितं जिल्हावार माणूस बसतो. आपल्या बीडचा येगळा. तेला चा-पाणी पोचलं की नाव वर, न्हाई पोचलं की खाली.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“माजा साडू हैदराबादला हाय.”

“कंपनीत?”

“न्हाई, बिर्याणीच्या हाटेलात. पर तितं समदं कळतं.”

निजामाचं राज्य जाऊन एवढी वर्षं झाली, पण आमच्या माणसांच्या मनात अजून सगळे निकाल हैदराबादलाच लागतात. चेअरमनचं म्हणणं वेगळं. मराठी अक्षरं दिसली की यंत्र मुद्दाम दाबतं, इंग्रजीत लिहा, लगेच वर याल. पुतण्याची वेबसाइट मराठीतच आहे, हे मी सांगितलं तर म्हणाले, तेंची मराठी येगळी असंल. चुलता म्हणाला, आपलंच नाव आपण रोज शोधू नये, कंपनीला हावरटपणा कळतो आणि ती नाव खाली ढकलते. चुलतभाऊ म्हणाला, उलट, रोज शोधावं, जेवढं शोधाल तेवढं नाव चढतं. बापलेक एकाच ताटात जेवतात, निदान आपसात तरी ठरवा. चुलतीची समजूत तर त्याहून भारी. वैरी लोक आपली वेबसाइट उघडतात आणि लगेच बंद करतात, त्याने ती बुडते, ही एक करणीच आहे, असं तिने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लॅपटॉपला लिंबू-मिरची लटकत होती. मी ती तोडून फेकली तर माय म्हणाली, ऱ्हाऊ दे की, तुजं काय खायलीय ती.

हसायला येतं, मलाही आलं असतं. कंपनी आपलं सगळं गणित उघडून दाखवत नाही, हे खरंच आहे. कुणीही छातीठोक सांगू शकत नाही की अमुक नाव अमुक जागी कसं आलं. जाहिरातीचे पैसे दिले तर वर जाहिरात दिसते, हेही खरं. पण त्या एवढ्याशा खऱ्यावर आमच्या लोकांनी हातभर काकडी आणि नऊ हात बी काढलं. आणि मला जे कळत होतं ते किती साधं होतं! सर्चचं यंत्र इतर गोष्टींबरोबर एक हे बघतं, की या वेबसाइटकडे बाकी किती वेबसाइटी बोट दाखवतात. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या बातम्यांच्या वेबसाइटींवर मालकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. त्या वर्षी प्रत्येक शुभेच्छेखाली शुभेच्छुक म्हणून पुतण्याच्या फार्मचं नाव होतं, आणि नावावर बोट ठेवलं की फार्मची वेबसाइट उघडत होती. माझ्या समजुतीने एवढंच कारण. चौकाचौकातल्या बॅनरवर ज्याचा फोटो, तोच मोबाइलमध्येही वर. त्याला हैदराबादचा माणूस कशाला लागतो?

हे मी दुकानवाल्याला सांगितलं, चेअरमनला सांगितलं, चुलत्याला सांगितलं. सगळे मान डोलवायचे आणि पुन्हा कंपनीवर यायचे. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि तीही दूरची, कुणाच्या बापाची नसलेली. हळूहळू माझ्या लक्षात आलं, यांना कळत नाही असं नाही. फोटोतला कान प्रत्येकाने पाहिला होता. आमची खूण प्रत्येकाने ओळखली होती. पण ओळखली म्हणायचं तर पुढचं वाक्य मालकाच्या पुतण्याबद्दल बोलावं लागतं. कंपनीला शिव्या दिल्या तर कंपनी काही उद्या येऊन पाण्याची पाळी बंद करत नाही.

हनुमान जयंतीचा सप्ताह आला. काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसादाच्या आधी मालक माइक घेऊन उभा राहिला. गावाचा विकास, तरुणांचं भवितव्य, हे नेहमीचं झालं. मग म्हणाला, “आपल्या आप्पाचं नाव मोबाइलमदी खाली पडलंय. मोठ्या कंपन्या गरिबाला वर येऊ देत न्हाईत. पर आपण बी कमी न्हाईत. काढा समद्यांनी मोबाइल! हे मतदानच हाय म्हणून समजा. समद्या गावानं एकदम शोधलं तर कंपनीचा बाप बी आप्पाला वर आणील!”

मी बायकांच्या बाजूला बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर अख्खा मंडप खिशात हात घालू लागला. आमच्याकडे माणूस वर येतो तो मतांनी, हेच सगळ्यांनी जन्मभर पाहिलेलं. मग मोबाइलमध्येही मतंच लागत असणार! मतदानाच्या दिवशी घरोघर जाऊन माणसं काढणारी मालकाची पोरं रांगेरांगेतून फिरू लागली, म्हाताऱ्यांचे मोबाइल हातात घेऊन त्यांच्या वतीने शोधून देऊ लागली. एका आजीने तर बोट पुढे केलं, शाई लावायला. आणि सगळे शोधत काय होते, तर आमच्या वेबसाइटचं पूर्ण नाव, आप्पांच्या आणि गावाच्या नावासकट.

पूर्ण नाव टाकल्यावर दुसरं काय येणार? आपल्याच घराचं नाव घेऊन हाक मारली तर आपल्याच घरातून ओ येते. जिथे तिथे आम्हीच पहिले. “आलं! आलं!” असा गलका उठला. कुणीतरी गुलाल उधळला. ज्याला बोकड घ्यायचाय आणि ज्याला आमचं नाव ठाऊक नाही, तो मोबाइलमध्ये नुसतं ‘बोकड’ लिहितो आणि त्याला आजही पुतण्याच दिसतो, हे त्या गलक्यात कुणाला सांगणार? मालकाने आप्पांना पुढे बोलावलं. फेटा बांधला, नारळ दिला. हार घालायला कोण पुढे आलं? पुतण्या. आप्पा संकोचून हसत उभे होते. आवळा देऊन कोहळा काढतात असं म्हणतात, इथे कोहळा आधीच काढून झाला होता आणि आवळा गावाच्या वर्गणीतला होता.

मी उठून उभी राहिले. कसं उठले ते मला सांगता येणार नाही. माइक नव्हता, पण आवाज मला बापाचा मिळालाय, कळपाला हाक मारणाऱ्याचा. मी म्हणाले, “आमचं जनावर चुकून तुमच्यात आलंय.”

हे वाक्य न समजणारा तिथे एकही माणूस नव्हता. पुतण्याला मी थेट म्हणाले, “तुमच्या वेबसाइटीवर हाय ते. कान बघा अन् द्या.”

त्याने फक्त ‘न्या’ म्हणायचं होतं. रिवाज तेवढ्याचसाठी आहे, समोरच्याला तोंड लपवायला जागा ठेवणारा. त्याने मालकाकडे पाहिलं. मालक माइकमध्ये हसला. “पोरगी शिकल्याली हाय, पर कंपनीचं राजकारण तिला कळंना. चला, प्रसाद घ्या.” आणि लोक, खुणा ओळखणारे लोक, सुटका झाल्यासारखे पंगतीला धावले. आप्पा गळ्यातला हार तसाच ठेवून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “खाली बस माय.”

घरी मी आप्पांवर ओरडले. आजवर कधी ओरडले नव्हते. “तुम्ही सुद्धा? तुम्हाला गडी म्हणाले ते, आणि तुम्ही त्यांच्याच हातून हार घेतला?”

“कावून वरडायलीस?” आप्पा म्हणाले. “कंपनीनं केलं असंल ते. मालकाला काय ठावं त्या यंत्रातलं.”

“आप्पा, तुम्हाला खरंच असं वाटतं?”

ते फेट्याची घडी घालू लागले. मग म्हणाले, “मालकाच्या रानात आपण शेळ्या बसवतो. ज्वारी निघाली की चार महिने तितंच. ते रान बंद झालं तर कळप कुटं नेऊ? कंपनीचं नाव घेतलं तर कळप पोटभर खातो. म्हून कंपनीनं केलं.”

राग तसाच राहिला, फक्त त्याला आता घरातही जागा उरली नाही. मालकाचा राग, पुतण्याचा राग, गावाचा राग, आणि सगळ्यात जास्त त्या कंपनीच्या गोष्टीचा, जिच्याखाली माझ्या बापालाही लपावं लागत होतं. मी केजला क्लासात मुलांना शिकवायला गेले तर मुलं म्हणाली, मॅडम, आज आवाज लई चढलाय.

आणि मग पुतण्याने स्वतःच एक गोष्ट केली. सप्ताहात मी कान बघा म्हणाले ते त्याच्या मनात राहिलं असावं. दोन-चार दिवसांनी त्याची वेबसाइट उघडली तर फोटो बदललेला. म्हणजे फोटो तोच, बोकड तोच, आप्पा तेच. पण बोकडाचा डावा कान चौकटीबाहेर कापून टाकलेला, आणि उजव्या कानावर फार्मचं गोल चिन्ह चिकटवलेलं. खाली तीच ओळ, अनुभवी गडी. त्याला वाटलं असेल, आता दाखवा कुठली खूण दाखवता. शहरात दोन वर्षं राहून आला होता, बहुधा तिथेच रिवाज विसरून आला.

मी मोबाइल आप्पांपुढे धरला. मला काही व्हायची आशा नव्हती, मी फक्त चिडून दाखवला. आप्पांनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

“कान कुटंय?” त्यांनी विचारलं.

“कापला.”

“कुनी?”

“त्यानेच. खूण दिसू नये म्हणून.”

आप्पांनी मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, “चुकलं असतं तर मी गप होतो. चुकलं म्हून गप होतो. त्यानं कान कापला.” आणि गोठ्यात जाऊन त्यांनी तो बोकड सोडला, फोटोतला. माय म्हणाली, “आवो, रानाचं काय?” ते दावं धरून बोकड घेऊन चालू लागले. मायने पाण्याचा तांब्या भरला आणि त्यांच्यामागे निघाली. मी तिच्यामागे.

आप्पांनी बोकड मारुतीच्या पारावर बांधला आणि शेजारी बसले. सकाळची वेळ, दूध घालून परतणारे लोक रस्त्यावर होते. पहिल्याने विचारलं, “काय आप्पा, बोकड आजारी हाय का?” मग त्याची नजर आप्पांच्या बसण्यावर गेली आणि तो किटली खाली ठेवून तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने पारापुढे गर्दी. चेअरमन आला, चुलता आला, दुकानवाला दुकान उघडं टाकून आला. एकेक जण पुढे यायचा, बोकडाचा डावा कान हातात घ्यायचा, खाच बघायचा, उजवा कान उचलून चीर बघायचा, आणि बाजूला उभा राहायचा. मी मोबाइलवर कापलेला फोटो उघडून पारावर ठेवला होता. तोही बघायचा. दुकानवाल्याने बघितला तेव्हा मी त्याला विचारलं, “हे हैदराबादच्या माणसाने केलं का?” तो खाली मान घालून म्हणाला, “न्हाई ताई.”

शेवटी मालक आला. गाडीतून उतरला, मागे पुतण्या. “आप्पा, हे काय मांडलंय? ऊठ. पोरीच्या नादाला लागून गावात तमाशा करतोस? आरं, ती कंपनी लई बाराची हाय. कुनाचं काय कापील, कुनाचं काय जोडील, आपल्याला कळत असतंय का?”

आप्पा बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत म्हणाले, “कंपनीच्या हातात कातर न्हाई, मालक. ही कातर आपल्याच गावातली हाय.”

मालकाने सभोवार पाहिलं. हसून दाखवायला त्याला एकही चेहरा सापडला नाही. सप्ताहात मोबाइल काढा म्हटल्यावर शेकडो हात खिशात गेले होते. आता सगळे हात मोकळे लोंबत होते आणि कुणी ‘ऊठ आप्पा’ म्हणत नव्हतं, एवढंच. कुणी आमच्या बाजूने भाषण केलं असंही नाही. आमच्या गावाला तेवढं पुरेसं वाटलं आणि त्या दिवशी ते पुरलं. मालकाने पुतण्याला पुढे ढकललं. पुतण्या लालबुंद होऊन, कुणाकडेही न बघता पुटपुटला, “न्या तुमचं जनावर.” मग तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढून त्याने फोटो उतरवला. मी पुढे होऊन खात्री केली. ओळही गेली होती.

सगळं छान झालं असं कुणाला वाटायला नको. त्याच आठवड्यात मालकाचं रान आम्हाला बंद झालं. कारण विचारलं तर सालगडी म्हणाला, यंदा नांगरट लवकर काढायची हाय. आप्पांना कळप घेऊन दिंद्रुडच्या बाजूला जावं लागलं, ओळखीपाळखीवर रानं शोधत. मोबाइलमध्ये पहिल्या पानावर पहिला अजूनही पुतण्याच आहे. आता त्याने कुठल्याशा परदेशी पांढऱ्या बोकडाचा फोटो लावलाय, जो आमच्या उन्हात दुपारपर्यंत टिकायचा नाही. आम्ही अजून दुसऱ्या पानावर. आणि गावात अजूनही कंपनीच्या गोष्टी चालतातच. परवा चुलती सांगत होती, मोबाइल घरातलं बोलणं ऐकतो. मी म्हटलं, ऐकू दे, तू काय बोलतेस एवढं?

माझा राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही. पण कळप घेऊन निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी मला हाक मारली. धुतलेलं धोतर, फेटा. सप्ताहातला नव्हे, घरातला जुना. तो बोकड पुढे उभा.

“नवा फोटू काढ,” म्हणाले. “ते यंत्रातलं दुसरं पान का काय हाय, तितं लाव. कुनी बघो न बघो.”

मी मोबाइल धरला. आप्पा खाली वाकले, बोकडाचा डावा कान त्यांनी चिमटीत धरला आणि तळव्यावर पसरून मोबाइलकडे वळवला, अगदी माझ्या दिशेने, खाच त्यांच्या दोन बोटांच्या मधोमध येईल असा.

“काढ आता,” ते म्हणाले. “हेच्यापुढं कान कापायचा असंल, तर आदी माजी बोटं कापावी लागतेल.”

मी फोटो काढला.